विहिरीच्या पाण्यातलं फवारणीचं औषध आणि लेप दिलेली तार: एका तालुक्यातल्या प्रयोगशाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान महाविद्यालय आहे. तिथल्या रसायनशास्त्र विभागात एक जुना गॅस क्रोमॅटोग्राफ आहे (मिश्रणातली रसायनं तापवून वेगवेगळी करणारं आणि प्रत्येकाचं आलेखावर शिखर काढणारं यंत्र), त्याला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर जोडलेला. रेणूत क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर हा डिटेक्टर ते अगदी नगण्य प्रमाणातही पकडतो. नसेल तर बऱ्याचदा ढिम्म राहतो. पुढे जे घडलं त्यात या दुसऱ्या वाक्याला फार महत्त्व आहे.

आसपासची गावं कपाशी, तूर आणि सोयाबीनची. काही विहिरी पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, येतात, काही त्याच्या बाहेर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, त्यात मृत्यूही झाले. तेव्हापासून औषधाचा विषय निघाला की लोक कान टवकारतात. दोन ग्रामपंचायतींनी महाविद्यालयाला एक साधा प्रश्न विचारला: पंप जिथे भरतात आणि धुतात, तिथल्या विहिरींच्या पाण्यात औषध उतरतं का?

एकूण १८ विहिरी ठरल्या. कृषी केंद्रांवर आणि शेतकऱ्यांकडे विचारून औषधांची यादी केली: क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस. पायरेथ्रॉइड गटातली औषधं मुद्दाम बाजूला ठेवली. ती काचेलाच इतकी चिकटतात की पहिल्याच वर्षी त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता.

अडचण

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, क्लोरपायरीफॉसची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे आणि मोनोक्रोटोफॉसची फक्त १. युरोपीय संघ कोणत्याही एका कीटकनाशकासाठी ०.१ धरतो. भारतीय मर्यादेच्या बऱ्याच खालीही स्पष्ट दिसावं म्हणून प्रयोगशाळेने ०.१ हेच लक्ष्य ठेवलं. एवढं विरळ पाणी थेट क्रोमॅटोग्राफमध्ये टोचून काही हाती लागत नाही, आणि पाणी या डिटेक्टरला मानवतही नाही. औषध आधी पाण्यातून काढून एका जागी गोळा करावं लागतं.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय जुना आणि भरवशाचा: एक लिटर पाणी विभाजक नरसाळ्यात घ्यायचं, प्रत्येकी ६० मिलिलिटर डायक्लोरोमिथेनने तीनदा हलवायचं, सोडियम सल्फेटवर सुकवायचं आणि आटवायचं. अडचण अशी की डायक्लोरोमिथेनमध्येच क्लोरीन आहे. त्याचा थेंबभर अंश उरला तरी डिटेक्टर आंधळा होतो, म्हणून शेवटी द्रावक बदलून हेक्झेन घ्यावं लागतं. १८ विहिरी, प्रत्येकीचे दोन नमुने, हंगामात तीन फेऱ्या. एवढं द्रावक आटवण्याजोगं, वाफा बाहेर ओढून नेणारं धुराडं विभागात नव्हतं.

दुसरा पर्याय सी-१८ (तेलकट रसायनं धरून ठेवणारी भुकटी) भरलेल्या काडतुसांचा, ज्यांतून पाणी गाळून औषध अडवतात. पावसाळ्यातलं विहिरीचं पाणी काळ्या मातीने गढूळ असतं. अशा पाण्याने काडतूस अर्ध्यावरच तुंबतं.

तिसरा पर्याय लेप दिलेल्या तंतूचा. ही पद्धत कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांच्या गटाने विकसित केली; तिच्यावरचा सुरुवातीचा महत्त्वाचा लेख १९९० चा. केसासारख्या बारीक तंतूच्या टोकाला एक सेंटिमीटर सिलिकॉनसारख्या पदार्थाचा लेप असतो. तंतू पाण्यात बुडवला की तेलकट स्वभावाची रसायनं पाणी सोडून लेपात शिरतात. मग तोच तंतू क्रोमॅटोग्राफच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये, म्हणजे नमुना आत घालायच्या तोंडात, घातला की ती बाहेर पडतात. द्रावक लागत नाही आणि दहा मिलिलिटर पाण्यात काम होतं.

विभागाकडे जुन्या प्रकल्पातून उरलेले बाजारातले दोन तंतू होते. ते सिलिकाचे, म्हणजे काचेसारखे ठिसूळ. पहिला चुंबकी ढवळणीच्या कांडीला लागून मोडला. नवे घेण्याइतका निधी नव्हता. तंतू घरीच करायचा, असं ठरलं. निर्णय योग्यच होता, पण तो घेताना सगळं लक्ष लेपाकडे गेलं आणि बाकीच्या साखळीकडे कोणी पाहिलं नाही.

गाभा कशाचा घ्यायचा, यावर बराच वाद झाला. एका विद्यार्थ्याने गावात इंटरनेटसाठी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरचे तुकडे आणले. वरचं प्लास्टिक काढलं की आत १२५ मायक्रोमीटर जाडीचा शुद्ध काचेचा तंतू निघतो आणि त्याच्या पृष्ठभागावर सिलिकॉनचा लेप रासायनिक बंधाने धरतो. कल्पना झकास होती, खर्चही शून्य. पण मोडण्याची तक्रार तशीच राहणार होती. दुसरीकडे ३०४ दर्जाची, १५० मायक्रोमीटर जाडीची स्टीलची तार वाकते, मोडत नाही. तिचा दोष असा की लेपाला धरायला तिच्यावर काहीच नसतं. तो मोज्यासारखा निघून येतो. तिला हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडण्याची पद्धत संशोधनात सर्रास आढळते. विभागाने ती सरळ नाकारली. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत जातं, त्यावर ताबडतोब कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं आणि जवळचं मोठं रुग्णालय दीड तासावर. या एका नकाराबद्दल तरी विभागाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

लेपासाठी कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन सीलंट सुचवलं. त्यात भराव आणि मऊपणासाठीची रसायनं असतात. तापवल्यावर आलेखावर भुताटकीसारखी शिखरं उगवली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, कोळशाचा लेप ही दुसरी सूचना, आणि मोहात पाडणारी. विदर्भातली पऱ्हाटी, विदर्भातलं पाणी, शोधनिबंध तयार! पण कोळसा क्लोरपायरीफॉससारखे रेणू इतके घट्ट धरतो की तापवल्यावरही ते पुरते सुटत नाहीत. आधीच्या नमुन्यातलं उरलेलं औषध पुढच्या विहिरीच्या नावावर चढतं. गावाला उत्तर द्यायचं असेल तर असा लेप चालत नाही. शेवटी सोल-जेल पद्धतीने (द्रावण हळूहळू घट्ट होऊन थर बनतो अशा) केलेला पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन या सिलिकॉनचा लेप ठरला.

तार कशी तयार केली

चार सेंटिमीटर तार हजार नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने हलकी घासली. मग ॲसिटोन, अल्कोहोल आणि ऊर्ध्वपातित पाणी यांत अल्ट्रासोनिक बाथमध्ये दहा-दहा मिनिटं धुतली.

लेपाला पकड मिळावी म्हणून आधी पॉलिडोपामिनचा पातळ थर दिला. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.५, भांडं उघडं ठेवून २४ तास ढवळणं. हवेतल्या ऑक्सिजनने द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी, शेवटी काळपट होतं आणि तारेवरही तसाच काळसर थर चढतो. इथे खर्च वाचवायला दवाखान्यातली डोपामिनची अँपूल वापरून पाहिली. दोन दिवस झाले तरी द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. इंजेक्शन टिकावं म्हणून त्यात मेटाबायसल्फाइट घातलेलं असतं आणि ऑक्सिडीकरण रोखणं हेच त्याचं काम. शेवटी साधं डोपामिन पावडर मागवावं लागलं.

मुख्य लेपासाठी छोट्या नळीत १८० मिलिग्रॅम हायड्रॉक्सी टोकांचं पॉलिडायमिथाइलसिलोक्सेन, २०० मायक्रोलिटर मिथाइलट्रायमिथॉक्सीसिलेन, २० मिलिग्रॅम पॉलिमिथाइलहायड्रोसिलोक्सेन आणि ३०० मायक्रोलिटर डायक्लोरोमिथेन. नीट मिसळल्यावर ५ टक्के पाणी असलेलं ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल १०० मायक्रोलिटर. आम्ल पडलं की घड्याळ सुरू होतं. द्रावण घट्ट होण्याआधी तारा बुडवून व्हायला हव्यात. प्रत्येक तारेचं एक सेंटिमीटर टोक वीस मिनिटं बुडवून बाहेर, असे तीन हात.

पहिली खेप मे महिन्यात केली. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीचं तापमान चाळिशीपार जातं आणि नळीतलं द्रावण दहा मिनिटांतच खरवसासारखं थिजलं. काम पहाटे सहाला हलवल्यावर वेळ पुरला. ऑगस्टची खेप वेगळ्याच कारणाने गेली: हवेतल्या दमटपणाने लेपावर पांढुरकी साय आली आणि मण्यांसारखे फुगवटे उठले. मग सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीत काम केलं. तिसरी तक्रार टोकाशी साचणाऱ्या थेंबाची. हाताने तार वर ओढली की वेग सारखा राहत नाही. यावरचा तोडगा विभागातल्या प्रयोगशाळा साहाय्यकाचा: तार स्टँडला घट्ट बांधायची, नळी स्क्रू जॅकवर ठेवायची आणि स्क्रू फिरवत नळीच खाली उतरवायची. लेप सरळ येऊ लागला.

तारा रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवल्या. नंतर इंजेक्टरमध्ये नायट्रोजनखाली १०० अंशांवर अर्धा तास आणि मग २८० अंशांवर दोन तास. या काळात स्तंभ (यंत्रातली रसायनं वेगळी करणारी लांब नळी) डिटेक्टरपासून सोडवून ठेवला, नाहीतर लेपातून निघणारं डायक्लोरोमिथेन डिटेक्टरला दोन दिवस आजारी पाडतं. सूक्ष्मदर्शकाखाली तीन ठिकाणी जाडी मोजली: सरासरी ४० मायक्रोमीटर. म्हणजे एक सेंटिमीटरवर लेपाचं आकारमान सुमारे ०.२४ मायक्रोलिटर. हा आकडा लक्षात ठेवा.

धारक म्हणून औषधाच्या दुकानातली २३ गेजची स्पायनल सुई घेतली. तिच्या आतल्या दांडीच्या जागी तार. सुईचं तिरकं टोक घासून सपाट केलं, नाहीतर ती सेप्टममधून (इंजेक्टरच्या तोंडावरचं रबरी बूच) रबराचा तुकडा कोरून काढते. तार चिकटवायला वापरलेलं इपॉक्सी पहिल्यांदा सुईच्या खालच्या भागात होतं. इंजेक्टरच्या उष्णतेने तेही आलेखावर बोलू लागलं. चिकटवणी सुईच्या वरच्या टोकाला, गरम भागाबाहेर नेल्यावर ब्लँक, म्हणजे औषधाविना घेतलेला आलेख, स्वच्छ आला.

चाचणीत पाच तारांपैकी दोन टाकून दिल्या. उरलेल्या तिघींची शिखरंही एकसारखी नव्हती. घरी केलेल्या लेपात एवढा फरक राहणारच. म्हणून प्रत्येक तारेला क्रमांक, तिची स्वतंत्र आलेखरेषा (शिखर केवढं म्हणजे औषध किती, हे सांगणारी) आणि वापराची वही. एका विहिरीच्या तीनही फेऱ्या एकाच तारेने.

मोजणीची पद्धत

१५ मिलिलिटरच्या काचेच्या व्हायलमध्ये १० मिलिलिटर पाणी, टेफ्लॉन लावलेलं झाकण, सारख्या वेगाने ढवळणं, ४५ मिनिटं बुडवणं, २६० अंशांवर पाच मिनिटं सोडणं. लगेच तीच तार पुन्हा पाच मिनिटं रिकामी तापवून मागे काही उरलं का ते पाहणं.

मिठाचा प्रश्न खारपाणपट्ट्यामुळे आला. पाण्यात क्षार असले की बऱ्याच रसायनांना पाणी नकोसं होतं आणि ती लेपाकडे ढकलली जातात. एका विहिरीचं पाणी गोडं आणि दुसरीचं खारट असेल तर तेवढंच औषध वेगवेगळं दिसेल. सगळ्या नमुन्यांत सारखं मीठ घालून हा फरक दाबता येतो. मात्र ३० टक्के मिठाला क्लोरपायरीफॉसचं शिखर उलट खाली आलं. इतक्या तेलकट रेणूंच्या बाबतीत घट्ट मिठाच्या पाण्यात लेपापर्यंतचा प्रवासच मंदावतो, शिवाय तारेवर मिठाची खपली धरून ती इंजेक्टरच्या आतल्या काचेच्या नळीत, लायनरमध्ये, साचते. १० टक्क्यांवर थांबणं शहाणपणाचं ठरलं, आणि तार इंजेक्टरमध्ये घालण्याआधी दोन सेकंद शुद्ध पाण्यात बुडवणं.

गावापासून प्रयोगशाळेपर्यंत

पहिल्या फेरीत गावकऱ्यांनी पाणी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून एसटीने पाठवलं. क्लोरपायरीफॉस प्लास्टिकच्या भिंतीत शिरतं, त्यामुळे आकडे कमी आले. दुसऱ्या फेरीपासून तपकिरी काचेच्या बाटल्या दिल्या. एवढं तर पाठ्यपुस्तकात असतं. कोणी ते प्रवासाला लावलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात सहज सापडत नाही. बाटली बदलल्यावरही खारपाणपट्ट्यातल्या विहिरींत प्रोफेनोफॉस येईना, आणि शेतकरी सांगत होते की मागच्याच आठवड्यात फवारलं. शेवटी एका विद्यार्थिनीने विहिरीच्याच पाण्यात प्रोफेनोफॉस घालून ते टेबलावर ठेवलं आणि दर तीन तासांनी मोजलं. शिखर डोळ्यांदेखत खाली येत गेलं. हे औषध अल्कधर्मी पाण्यात झपाट्याने फुटतं: पीएच ५ ला निम्मं व्हायला महिने लागतात, पीएच ९ ला काही तास पुरतात. या विहिरींचं पाणी पीएच ८ च्या वर होतं आणि बाटल्या उन्हातून दिवसभर प्रवास करत होत्या. क्लोरपायरीफॉस तुलनेने टिकाऊ, तरी पीएच ९ ला त्याचंही आयुष्य घटतं. तिसऱ्या फेरीला बाटली भरताच विरल आम्लाचे थेंब टाकून पीएच ५ च्या आसपास आणला आणि बर्फाच्या डब्यातून पाणी आणलं. जे औषध विहिरीतच फुटून गेलं ते यानेही परत येत नाही. फक्त प्रवासातला नाश थांबतो.

गाळाचा निर्णय अर्धवटच राहिला. क्लोरपायरीफॉस काळ्या मातीच्या कणांना चिकटून बसतं. तार पाण्यात मोकळं विरघळलेलं तेवढंच औषध घेते, गाळावरचं नाही. गावात पाणी कापडाने गाळतात. बारीक माती त्यातून पोटात जातेच. तिसऱ्या फेरीत चार गढूळ नमुन्यांवर तार आणि जुनी द्रावकाची पद्धत दोन्ही चालवल्या. द्रावकाचे आकडे सगळीकडे जास्त आले. हे चार नमुने पहिल्या फेरीतच करायला हवे होते.

काय निघालं, आणि अहवालातली चूक

चार विहिरींत क्लोरपायरीफॉस ०.१ च्या वर आढळलं. त्यातल्या एकीत १ च्या वर, आणि तीच विहीर जिच्या काठावर फवारणीचे पंप धुतले जात होते. भारतीय मर्यादेच्या ते पुष्कळ खाली होतं. क्विनॉलफॉसमध्ये हॅलोजन नाही. डिटेक्टरला ते अंधुक दिसतं, म्हणून त्याची शोधमर्यादा, म्हणजे ज्याच्या खाली औषध दिसत नाही ते प्रमाण, वेगळी, जास्त लिहिली. इथवर अहवाल प्रामाणिक होता.

मोनोक्रोटोफॉससमोर मात्र १८ ही विहिरींना 'आढळले नाही' असं छापलं गेलं. यादीत नाव होतं, आलेखावर शिखर नव्हतं, रकाना भरला. अहवाल वाचून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विभागात येऊन विचारलं, "सर, हे 'नाही' म्हंजे पान्यात नाही, का तुमच्या मशीनले दिसत नाही?"

त्याच दुपारी शुद्ध पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम मोनोक्रोटोफॉस घालून तार बुडवली, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट. आलेख सपाट.

कारण दुहेरी होतं. मोनोक्रोटोफॉस पाण्यात बेमालूम मिसळतं, त्याला तेलकट लेपाचं आकर्षण नाही. क्लोरपायरीफॉससाठी लेप आणि पाणी यांतलं वाटणीचं गुणोत्तर दहा हजार धरलं, तर ०.२४ मायक्रोलिटर लेप १० मिलिलिटर पाण्यातलं सुमारे एक-पंचमांश औषध ओढून घेतो. हेच गुणोत्तर एक असेल तर चाळीस हजारांतला एक भाग. मोनोक्रोटोफॉसचं त्याहूनही कमी. वर त्याच्या रेणूत क्लोरीन किंवा ब्रोमीन नाही, म्हणजे जे थोडंफार आलं असतं तेही डिटेक्टरला दिसलं नसतं. लेप कितीही सुबक केला असता तरी उत्तर हेच आलं असतं. आणि चौघांत सर्वांत कडक मर्यादा गाठायची होती ती नेमकी याच औषधाची.

विभागाने आठवड्याच्या आत दुरुस्तीचं पत्र दोन्ही ग्रामपंचायतींना दिलं: मोनोक्रोटोफॉसबद्दलचा रकाना रद्द, हे औषध या पद्धतीने तपासता येत नाही. पत्राला थोडा विरोध झाला. महाविद्यालयाचं हसं होईल असं काहींना वाटलं. उलट पुढच्या हंगामात तिसऱ्या गावाने स्वतःहून विचारणा केली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, तार करण्यापूर्वी चारही औषधं ठरलेल्या मर्यादेइतकी शुद्ध पाण्यात घालून बाजारातल्या उरलेल्या तंतूने तपासायला हवी होती. एका दिवसाचं काम होतं. मोनोक्रोटोफॉस तिथेच गळालं असतं आणि त्याचे नमुने एलसी-एमएस (पाण्यात विरघळणारी औषधंही पकडणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी पैसे वेगळे काढता आले असते. मे ते ऑगस्ट लेपाच्या मागे गेले, त्यातला निम्मा वेळ बाटल्या, पीएच आणि गाळ यांना दिला असता तर पहिल्या दोन फेऱ्या वाया गेल्या नसत्या.

वीज हा दुसरा मुद्दा. भारनियमनात डिटेक्टर थंड झाला की त्याच्या आलेखाची पायारेषा स्थिर व्हायला रात्र लागते. नमुने सलग लावण्याऐवजी प्रत्येक तिसऱ्या नमुन्यानंतर ओळखीचं मिश्रण चालवलं असतं, तर कोणते आकडे वीज गेल्यानंतरचे, हे नंतर वहीत शोधत बसावं लागलं नसतं.

तारांबद्दल मात्र तक्रार नाही. चांगली तार चाळीसेक वेळा वापरली तरी तिचा प्रतिसाद टिकून होता. त्यानंतर लेप सुईच्या तोंडाशी सोलवटू लागतो. सुई सेप्टममधून काढण्याआधी तार आत ओढायला विसरलं तर पहिल्याच दिवशी.

आता विभागाच्या अहवालात तीन रकाने असतात: आढळले, शोधमर्यादेखाली, आणि या पद्धतीने तपासता येत नाही. तिसरा रकाना बाटल्या गावाला पाठवण्याआधीच भरलेला असतो आणि त्याची एक प्रत बाटल्यांच्या खोक्यातच जाते.